आय-130 प्रलंबित असताना 'सिंगल' रिटर्न भरू नका

ऐरोलीच्या ताई, तुमच्या यजमानांनी तुम्हाला अमेरिकेला नेण्यासाठी आय-130 हा अर्ज केलाय, आणि तुमचा व्हिसा येईपर्यंत त्यांनी तिकडे 'सिंगल' (अविवाहित) म्हणून रिटर्न भरावा, असा सल्ला वर कुणीतरी दिलाय. कृपया ऐकू नका. आय-130 चा निकाल लागो न लागो, 31 डिसेंबरला लग्न झालेलं असेल तर अमेरिकेच्या करखात्यासाठी ते विवाहितच. शिवाय पुढे आय-864 (तुमच्या खर्चाची हमी देणारं यजमानांचं प्रतिज्ञापत्र) सोबत हेच रिटर्न जोडायचे असतात. अर्जात विवाहित आणि रिटर्नवर सिंगल, हे तिथे नजरेत येणारच.

तुमची स्वतःची नोकरी आहे, म्हणून माझं मत यंदा यजमानांचा वेगळा रिटर्न, म्हणजे 'मॅरीड फायलिंग सेपरेटली'. त्यात तुमच्या एसएसएनच्या (सोशल सिक्युरिटी नंबर) जागी 'एनआरए' (नॉन-रेसिडेंट एलियन, म्हणजे अनिवासी परदेशी) लिहितात. एकत्र भरला तर वजावट मोठी मिळते, पण दोघांच्या सहीचं निवेदन जोडून तुम्हाला करापुरतं अमेरिकेचं रहिवासी मानून घ्यावं लागतं. मग तुमचा इथला पगार, एफडीचं व्याज, सगळं तिकडे दाखवायचं. तेही जानेवारी ते डिसेंबरचं, त्यामुळे फॉर्म 16 चे आकडे जसेच्या तसे चालत नाहीत. म्युच्युअल फंड असतील तर किचकटपणा फारच वाढतो.

एकत्र रिटर्नसाठी तुम्हाला आयटीआयएन (एसएसएन नसलेल्यांना मिळणारा अमेरिकी कर क्रमांक) लागेल. त्याच्या अर्जासोबत, म्हणजे डब्ल्यू-7 सोबत, मूळ पासपोर्ट मात्र पाठवू नका, व्हिसाच्या मुलाखतीची तारीख कधीही येऊ शकते. पासपोर्ट कार्यालयाची प्रमाणित प्रत चालते, नोटरीची चालत नाही.

आणि वेगळा भरलेला रिटर्न तीन वर्षांच्या आत दुरुस्त करून एकत्र करता येतो. एकत्र भरलेला मात्र रिटर्न भरण्याची मुदत उलटल्यावर वेगळा करता येत नाही.