माथेरानला लग्न करावं का? सल्ला हवा

चिंचगुळ
लहानपणी दर मे महिन्यात आम्ही आठ दिवस माथेरानला. नेरळहून छोटी गाडी, जुम्मापट्टी स्टेशन आलं की आजोबा हलवून उठवणार. लग्न इथेच करायचं, हे मी दहावीतच ठरवलं होतं. होणारा नवरा तयार आहे. बाबा म्हणतात, ठाण्यात हॉल बघ. डिसेंबरचा मुहूर्त, दीडशे माणसं, त्यात ऐंशीच्या पुढचे सहा-सात. कोणी केलंय का?

बिनपंखी
वर मोटारींना बंदी आहे, गाड्या दस्तुरी नाक्यालाच सोडाव्या लागतात, हे माहीत असेलच. तिथून बाजार अडीच-तीन किलोमीटर. जवळच्या अमन लॉज स्टेशनहून छोट्या गाडीचं शटल आहे, पण दीडशे जण एका फेरीत मावायचे नाहीत. बाकी घोडा, रिक्षा, नाहीतर पाय.

दवबिंदू
धाकट्या दिराचं केलंय, म्हणून लिहिते. रुखवत, फुलं, ताटं, सगळं हमालांच्या डोक्यावर नाहीतर घोड्यावरून वर येतं. आमच्या केटररने खाली एक भाव सांगितला आणि वर आल्यावर हमाली वेगळी लावली. तेव्हा उतराल त्याच हॉटेलला जेवण सांगा. गुरुजी खालून आणणार असाल तर आदल्या दिवशीच मुक्कामाला बोलवा. आमचे मुहूर्ताला दहा मिनिटं असताना धापा टाकत पोचले. आणि ती लाल माती! करवल्यांनी बूट पळवले खरे, पण नंतर कुठले कोणाचे ते कळेना, सगळेच तांबडे. नऊवारीचा काठ अजून तसाच आहे. ओटीचं सामान उघड्यावर ठेवू नका, माकडं टपलेलीच असतात. एक सुख मात्र आहे, वरातीला घोडा शोधावा लागत नाही.

खडूस_काका
डीजे विसरा. 2003 पासून तो भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर आहे. सनई लावा, जंगलात छान वाटते. खरं सांगू? दीडशे माणसं नेलीत तर तुम्हाला माथेरान दिसणारच नाही, दोन दिवस कोणाला गरम पाणी मिळालं नाही हेच ऐकाल. चाळीस जण वर न्या, बाकीच्यांना खाली रिसेप्शन. ज्यांना वाईट वाटायचं त्यांना ठाण्यातही वाटेलच.

बिनपंखी
+1. आणि मे महिना आठवून कपडे ठरवू नका, डिसेंबरच्या रात्री थंडी असते. म्हाताऱ्यांना शाली.

चिंचगुळ
सगळ्यांचे आभार. काल यादी बेचाळीसवर आणली, दोन आत्या रुसल्यात. आजीला रिक्षात बसायचं नाही, घोडा नको, "मी गाडीनेच येणार, तुझ्या आजोबांसारखी." म्हणून आजी आदल्या दिवशी नेरळहून छोट्या गाडीने, सोबत मी. बाबा अजून बोलत नाहीत, पण काल स्वतःहून विचारलं, घोड्यावर किती वजन चढवतात म्हणून. पितळेचा मोठा हंडा न्यायचाय म्हणे. दवबिंदूताई, काय सांगू त्यांना?