टर्बो बसवल्यापासून जुनी बलेनो ऑइल खातेय, रिंगा की आणखी काही?

घाटवाला:
गाडी जुनी मारुती बलेनो, 1.6 एमपीएफआय (जी16बी). बोरिंग करून फोर्ज्ड पिस्टन, छोटा टर्बो (इंजिनात जास्त हवा दाबणारा), बूस्ट म्हणजे त्या हवेचा दाब 0.5 बार, वर पिगीबॅक ईसीयू (मूळ ईसीयूला जोडलेला जादा कंट्रोलर). रिबिल्डनंतर 4000 किमी झाले. 10डब्ल्यू-40 ऑइल 1000 किमीला साधारण 900 मिली जातं. खाली गळती नाही. सकाळी स्टार्ट करताना धूर नाही; घाट चढताना बूस्ट आला की निळा धूर. कॉम्प्रेशन 145, 148, 144, 146 पीएसआय. इंटरकूलरचे (टर्बोची हवा गार करतो तो) पाइप आतून ऑइलने ओले. गॅरेजवाला म्हणतो इंजिन खोलून रिंगा बदलू. खोलू का?

बारातेराचा पाना:
इतक्यात नको. चारही सिलिंडर सारखे आहेत, म्हणजे वरच्या रिंगा बसल्यात. पण कॉम्प्रेशन टेस्ट ऑइल रिंगबद्दल (सर्वात खालची, भिंतीवरचं ऑइल पुसणारी) काहीच सांगत नाही, एवढं लक्षात ठेवा.

आधी पीसीव्ही बघा, म्हणजे इंजिनातला गॅस परत मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात हवा नेणारा पाइप) सोडणारा व्हॉल्व्ह. मूळ व्हॉल्व्ह मॅनिफोल्डमधल्या व्हॅक्यूमवर चालण्यासाठी बनवलेला. तिथे बूस्ट आला आणि तो पूर्ण बंद झाला नाही, तर हवा उलटी ऑइलच्या चेंबरमध्ये (इंजिनचा खालचा भाग, संप) शिरते आणि ब्लो-बायसकट (रिंगांवरून खाली निसटलेला गॅस) ऑइलचा फवारा दुसऱ्या ब्रीदरमधून (इंजिनातला गॅस बाहेर सोडणारं तोंड) टर्बोच्या तोंडाशी येतो. तुमचे पाइप ओले आहेत त्याचं हेच कारण असू शकतं. व्हॉल्व्ह काढून मॅनिफोल्डच्या बाजूने फुंकर मारा. हवा गेली की तो बाद.

मग चाचणी: मॅनिफोल्डचं पीसीव्ही तोंड आणि टर्बोच्या इनलेटचं ब्रीदर तोंड टोपी लावून बंद करा. टॅपेट कव्हरचे (इंजिनचं वरचं झाकण) दोन्ही ब्रीदर 19 मिमी होजने जाळीवाल्या कॅच कॅनला (ऑइल अडवून साठवणारा डबा) जोडा. इंटरकूलर धुऊन घ्या, नाहीतर साठलेलं ऑइल पुढेही जळत राहील. 500 किमी चालवा, सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी डिपस्टिक बघा. इंजिनवरचे ब्रीदर मात्र चुकूनही बंद करू नका, क्रँकचं सील बाहेर येईल.

सायलेन्सरपुराण:
पाना बरोबर बोलतोय, पण टर्बोचा ड्रेन (टर्बोतून ऑइल परत नेणारा पाइप) राहिला. ऑइल तिथून फक्त उताराने परत येतं. पाइप आतून बारीक, मध्ये खाली लोंबलेला, किंवा संपमध्ये ऑइलच्या पातळीखाली जोडलेला असेल तर ऑइल टर्बोतच तुंबतं आणि सीलमधून निघतं. नवा टर्बो बसवला तरी तेच होणार. शाफ्ट आडवा किंचित हलला तर चालतो, मागेपुढे हलायला नको.

व्हॉल्व्ह सीलचा धूर वेगळा असतो: घाट उतरताना गिअरमध्ये गाडी सोडली की व्हॅक्यूम ऑइल ओढतो, आणि पुन्हा ॲक्सिलरेटर दिला की भपका येतो. तुमच्याकडे तो दिसत नाही.

लॅम्ब्डा:
प्लगच्या भोकातून कॅमेरा टाका. पिस्टनच्या माथ्यावर कार्बन असून कडेची गोल पट्टी धुतल्यासारखी चकचकीत दिसली, तर ऑइल रिंगांवरून येतंय. व्हॉल्व्हची पाठ ओली असेल तर वरून, म्हणजे व्हॉल्व्ह सील किंवा इनटेकमधून.

आणि ट्यूनिंगवाल्याला विचारा: मोठे इंजेक्टर लावून थंड इंजिनला पेट्रोल जास्त देताय का? जास्तीचं पेट्रोल भिंतीवरची ऑइलची फिल्म धुतं, रिंगा आणि बोअर घासतात. वरून पेट्रोल संपमध्ये उतरलं की डिपस्टिकवर पातळी फारशी घटलेली दिसत नाही, म्हणजे 900 मिलीपेक्षाही जास्त जात असेल. डिपस्टिक हुंगा.

घाटवाला:
पीसीव्हीतून दोन्हीकडून हवा जात होती. कॅच कॅन लावून 500 किमी: डिपस्टिकवर घट साधारण 230 मिली, त्यातले 180 मिली कॅनमध्ये. ड्रेन ठीक, सरळ खाली. कॅमेऱ्यात कडा काळ्या, कोरड्या. धूर गेला.

बारातेराचा पाना:
म्हणजे जळतंय 50 मिलीच्या आसपास. रिंगांना हात लावू नका. पण कॅनमध्ये 180 हे जास्तच आहे: टॅपेट कव्हर उघडून ब्रीदरच्या तोंडाखालची, ऑइल अडवणारी आडवी पत्री जागेवर आहे का बघा, पेंटिंगच्या वेळी बरेचदा काढून टाकतात. रस्त्यावरच्या गाडीला कॅनचा आउटलेट उघडा ठेवू नका. टर्बोच्या इनलेटची टोपी काढून तो तिथे, एअर फिल्टर आणि टर्बोच्या मध्ये, जोडा. मॅनिफोल्डला पीसीव्ही हवाच असेल तर मध्ये बूस्ट सहन करणारा चेक व्हॉल्व्ह (एकाच दिशेने हवा सोडणारा) घाला. कॅनमधलं ऑइल पाणी-पेट्रोल मिसळलेलं असतं, परत इंजिनात ओतू नका.