वैशाखातलं तान्हं बाळ आणि चमचाभर पाणी

एक प्रश्न आलाय: वीस दिवसांच्या बाळाला दुपारी उकळून गार केलेलं पाणी चमच्यानं पाजावं का. नाही. सहा महिने थेंबही नको, अकोल्या-चंद्रपुराकडचा ४५ अंशांचा उन्हाळा असला तरी. इवलंसं पोट पाण्यानं भरलं की बाळ कमी ओढतं आणि ओढणं कमी झालं की दूधही कमी येतं. जुलाबाचा धोका वेगळाच.

उन्हात बाळ थोडं थोडं, पण वारंवार पितं. दिवसरात्रीत ८ ते १२ वेळा पाजा. पाणी बाळंतिणीनं प्यायचं. (तिचं पाणी तोडायची रीत मात्र खरंच सोडा.)

दूध पुरतंय का, हे लंगोटावरून कळतं: पाचव्या दिवसानंतर २४ तासांत निदान ६ ओले, शू फिकी. गडद पिवळी किंवा विटकरी डाग दिसला, तर त्याच दिवशी दाखवा.

कूलर चालेल, झोत अंगावर नको, खिडकी थोडी उघडी हवी. घरात टोपडं, मोजे, शेकशेगडी काढून टाका. अंग तापलं तर आधी कपडे सैल करून पाजा, पंधरा-वीस मिनिटांनी काखेत थर्मामीटर लावा. तरीही ९९.५ फॅरनहाइटच्या वर असेल, किंवा बाळ सुस्त पडून पीतच नसेल, तर आशाताईंच्या फेरीची वाट न बघता दवाखाना गाठा.