नवी डिझेल गाडी, ५ वेळा वर्कशॉप, दिवा परत पेटतोच. बदलून मिळेल का? मदत हवी आहे

केळीबाग_रावेर
गाडी घेऊन ७ महिने झाले. तोच दिवा परत परत पेटतो आणि पिकअप जातो. दर वेळी लॅपटॉप लावून दिवा घालवतात, आठ-दहा दिवसांत पुन्हा तेच. आता म्हणतात तुमच्या चालवण्यातच दोष आहे. मला दुरुस्ती नको, नवी गाडी पाहिजे. अमेरिकेत लेमन लॉ (सतत बिघडणारी नवी गाडी बदलून देण्याचा कायदा) आहे, आपल्याकडे कोणतं कलम? उद्या वकिलाकडे जायचंय, लवकर सांगा.

डिपस्टिक
"तोच दिवा" म्हणजे कोणता भो? किमी किती झाले? रोजची फेरी किती लांब?

केळीबाग_रावेर
डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या गाळणीचा. ९,२०० किमी. घर ते मळा ६ किमी, दिवसातून चार चकरा. याचा कायद्याशी काय संबंध?

डिपस्टिक
सगळी मेख तिथेच आहे. डीपीएफ काजळी साठवतो आणि ठरावीक साठा झाला की जादा डिझेल टाकून ती साधारण ६०० अंशाला जाळतो. ६ किमीत सायलेन्सर तेवढा तापत नाही, जाळणं अर्धवट राहतं. कंपनी हेच पुढे करणार. म्हणून आधी तिचं म्हणणं खोडा. इंजिन गरम, टाकीत रिझर्व्हच्या वर डिझेल, मग सावदा-फैजपूरकडे मोकळ्या रस्त्याला खालच्या गिअरमध्ये २,००० आरपीएमच्या आसपास २०-२५ मिनिटं चालवा. आधी-नंतर स्कॅनरवर काजळीचे ग्रॅम बघा आणि प्रिंट घ्या. एवढं करूनही चार दिवसांत भरला, तर दोष यंत्रात आहे: डिफरन्शियल प्रेशर सेन्सरची (गाळणीच्या दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक मोजणारा) नळी, अडकलेला ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह), गळका इंजेक्टर किंवा टर्बोचा फुटका होज.

भुसावळ_जंक्शन
एवढी कटकट कशाला? डीपीएफ काढा, रिमॅप मारा (इंजिनचं सॉफ्टवेअर बदला), विषय संपला.

वकिली_चष्मा
विषय नाही, वॉरंटी संपेल. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे असा बदल बेकायदा आहे, आणि ग्राहक आयोगापुढे कंपनीला आयतं कोलीत मिळेल. गाडीला हात लावू नका.

केळीबाग, आपल्याकडे लेमन लॉ नाही. अमुक वेळा बिघडली की बदली, असा आकडा कायद्यात नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ वापरायचा. कलम ३९ खाली आयोग दोष काढायला, माल बदलायला किंवा पैसे परत करायला सांगू शकतो. पण २००६ च्या सुशीलकुमार गबगोत्रा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने वॉरंटी दोषी भाग बदलण्यापुरती धरली, अख्खी गाडी नव्हे. "नवी गाडीच द्या" एवढंच मागाल तर अडकाल. मागण्या उतरत्या लिहा: बदली, नाहीतर व्याजासह रक्कम, नाहीतर मोफत दुरुस्ती आणि वाढीव वॉरंटी, शिवाय भरपाई व खर्च.

दोष उत्पादनातला आहे हे तुम्हालाच दाखवायचं आहे. कलम ३८(२)(क) खाली तज्ज्ञ तपासणीचा अर्ज तक्रारीसोबतच द्या. गल्लीतल्या मेकॅनिकचा दाखला टिकत नाही, सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय सुचवा.

ग्राहकराजा
वकील कशाला? ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन लावा, फुकट आहे. कंपन्या घाबरतात.

वकिली_चष्मा
लावा जरूर, पण तिथे समेट होतो, आदेश निघत नाही. आणि पत्रापत्रीने मुदत वाढत नाही. तक्रार भरायला कलम ६९ प्रमाणे २ वर्षं.

केळीबाग_रावेर
गाडी नाशकातून घेतली. बिलावर "न्यायक्षेत्र नाशिक" छापलंय. तारखेला नाशिकच्या वाऱ्या करू का?

वकिली_चष्मा
छापील ओळीवर अडू नका. कलम ३४ प्रमाणे तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे जळगाव आयोगात चालते. किंमत किती?

केळीबाग_रावेर
१४ लाख.

वकिली_चष्मा
५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग. १० ते २० लाखांना फी ४०० रुपये. ई-जागृती या ग्राहक आयोगांच्या पोर्टलवर ऑनलाइन भरता येते. डीलर आणि उत्पादक दोघांना पक्षकार करा. आरसी कुणाच्या नावावर?

केळीबाग_रावेर
फर्मच्या. केळीचा आडत व्यवसाय, मी आणि मोठा भाऊ भागीदार.

वकिली_चष्मा
हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं! मग तक्रारदार फर्म. तुमच्या एकट्याच्या नावाने भरली तर पहिला आक्षेप तोच. दुसरा आक्षेप "व्यावसायिक हेतू", म्हणजे गाडी धंद्यासाठी घेतली म्हणून तुम्ही ग्राहकच नाही. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीने संचालकाच्या वापरासाठी घेतलेल्या गाडीबाबत हा आक्षेप फेटाळला आहे, तोच आधार. गाडीतून माल वाहता का?

केळीबाग_रावेर
नाही. कधीमधी दोन-चार घड घरी आणतो.

तापीकाठ
झिरो डेप (घसारा न कापणारी विमा) पॉलिसी असेल तर इंजिन क्लेम टाका ना. आणि रावेरला आज केळीला काय भाव?

डिपस्टिक
झिरो डेप अपघाताला, डीपीएफला नाही. भाव दुसऱ्या धाग्यावर. केळीबाग, इंजिन ऑइलची काडी पाहिली का?

केळीबाग_रावेर
मागच्या खेपेला मॅक्सच्या बोटभर वर होतं. त्यांनी ऑइल बदलून दिलं, पैसे घेतले नाहीत.

डिपस्टिक
अर्धवट जळणीतलं डिझेल ऑइलमध्ये उतरलं म्हणून पातळी चढली. पातळ ऑइलने टर्बोचं बेअरिंग जातं. सर्व्हिसची वेळ नसताना फुकट ऑइल बदललं, म्हणजे बिघाड त्यांना माहीत होता. तो शून्य रुपयांचा कागद लाखमोलाचा आहे.

वकिली_चष्मा
बरोबर. पाचही जॉबकार्ड काढा. तक्रारीचे शब्द तुमचे आहेत की "जनरल चेकअप" लिहिलंय? कुठे "समाधानी" वर सही केलीय?

केळीबाग_रावेर
दोनांवर केली. न वाचता. बाकी कागद गाडीच्या कप्प्यात आणि गाडी पुन्हा वर्कशॉपात.

वकिली_चष्मा
मग उद्या वकिलाआधी वर्कशॉप गाठा. कागद ताब्यात घ्या, आधीच्या चारही खेपांच्या स्कॅन नोंदी ईमेलने मागा, तोंडी नको. गाडी घेताना पोचपावतीवर "दोष कायम, हरकत राखून ताबा" लिहून मगच सही करा.

तापीकाठ
आणि भाव?