आकडा तोच, निर्णय वेगळा
शिकलेली माणसं शब्दांच्या मांडणीला फसत नाहीत, हे मत मला अजिबात पटत नाही. १९८२ साली अमेरिकेत बार्बरा मॅकनील, एमॉस ट्वर्स्की आणि सहकाऱ्यांनी एक अभ्यास केला. फुप्फुसाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया निवडाल की किरणोपचार, असं त्यांनी रुग्णांना, विद्यार्थ्यांना आणि चक्क डॉक्टरांनाही विचारलं. शस्त्रक्रियेतून १०० पैकी ९० जण वाचतात असं सांगितलं की तिला पसंती जास्त. तेच १० जण दगावतात म्हटलं की बरेच जण किरणोपचारांकडे वळले. डॉक्टरसुद्धा! त्यामुळे घरातल्या कुणाच्या ऑपरेशनला संमती देण्याआधी दोन्ही आकडे विचाराच. ऐनवेळी घाबरलेल्या नातेवाइकांना हे सुचत नाही, म्हणून प्रश्न आदल्या दिवशीच कागदावर लिहून न्या.