मदत हवी आहे: न्हावाशेवाला माल अडकलाय, एजंट स्कोमेटचा कागद मागतोय

व्हीएमसी_उद्यमबाग
नमस्कार मंडळी. घाईत लिहितोय. आमचा माल गेल्या मंगळवारपासून न्हावाशेवाला पडून आहे. साधे ॲल्युमिनियमचे पार्ट आहेत, १२० नग, जर्मनीला जायचेत. एजंट म्हणतो, स्कोमेटचा (निर्यातीवर बंधनं असलेल्या मालाच्या सरकारी यादीचा) कागद द्या, नाहीतर शिपिंग बिल, म्हणजे कस्टम्सचा निर्यातीचा कागद, पुढं सरकणार नाही. पंधरा वर्षं आम्ही पंपाचे आणि हायड्रॉलिकचे पार्ट बाहेर पाठवतोय, असलं कधी कुणी विचारलं नाही. गिऱ्हाईक रोज मेल करतंय. हा कागद कुठं मिळतो आणि किती दिवसांत? माहीत असेल त्यांनी लगेच सांगा.

तिसरं_गेट
कसले पार्ट? नुसतं ॲल्युमिनियम म्हटल्यावर काय कळणार? एचएस कोड, म्हणजे कस्टम्सचा मालाचा नंबर, काय टाकलाय?

व्हीएमसी_उद्यमबाग
मी ७६१६ सांगितला होता. एजंटनं ९३०५ टाकला. तिथंच घोळ झालाय.

तिसरं_गेट
९३ हा शस्त्रांचा अध्याय. ९३०१ ते ९३०४ मधल्या शस्त्रांचे भाग आणि ॲक्सेसरी ९३०५ मध्ये येतात. बंदुकीचे पार्ट करताय आणि पहिल्या पोस्टमध्ये त्याचं नावसुद्धा नाही? मग लोक उत्तर कशाचं देणार?

व्हीएमसी_उद्यमबाग
बंदुकीचे नव्हेत हो. स्पर्धेच्या रायफलची बट-प्लेट आहे. खांद्यात बसते ती. खाली वाकडा हूक, मागं दोन दांडे, वर-खाली आणि तिरकी करायला सात स्क्रू. ६०८२ ॲल्युमिनियममधून व्हीएमसी मिलिंग मशीनवर काढतो, कडा हातानं मोडतो, मग काळं ॲनोडायझिंग. यात ना नळी, ना घोडा, ना कुठली स्प्रिंग. पोरांनी एकेक नग टिश्यूत गुंडाळून भरलाय. ह्याला शस्त्र कोण म्हणेल?

अनगोळ_फौंड्री
तुम्हीच बिलावर रायफल लिहिलं असणार. मशीन्ड ब्रॅकेट लिहा, ७६१६ टाका आणि थोडे थोडे करून कुरिअरनं पाठवा. आम्ही एकदा असंच केलं, काही झालं नाही. छोट्या माणसानं खरं लिहिलं की त्यालाच धरतात.

जुना_सीएचए
हा सल्ला अजिबात ऐकू नका. मी तीस वर्षं क्लिअरिंगचं काम केलंय, म्हणून तळमळीनं सांगतो. कस्टम्स कायद्यात खोटं वर्णन केलं की कलम ११३ खाली माल जप्त होतो, ११४ आणि ११४एए खाली दंड बसतो. त्यानंतर तुमच्या आयईसीवर, म्हणजे आयात-निर्यातीच्या नंबरावर, जो डाग लागतो त्यानं पंपाचे पार्टसुद्धा दर खेपेला उघडून बघतात. एका ऑर्डरीसाठी पंधरा वर्षांची पत घालवायची का? वस्तू खास शस्त्रासाठीच बनवलेली असेल तर ती ॲल्युमिनियमची आहे म्हणून ७६१६ मध्ये जात नाही. एजंटनं कोड बरोबर टाकलाय.

आता महत्त्वाचं सांगा. ही रायफल कुठली? दहा मीटरची एअर रायफल की काडतूस उडवणारी?

अनगोळ_फौंड्री
साहेब, तुम्ही कायदा सांगताय खरं पगार आम्हाला द्यावा लागतोय. आठवडाभर माल पडला तर भाडं कोण भरतंय?

जुना_सीएचए
भाड्याचा त्रास मलाही माहीत आहे. म्हणून तर आधी नीट विचारतोय.

कोल्हापूर_५०मीटर
मी नेमबाज. माझा अनुभव आयातीचा आहे, तरी सांगतो. आमच्या .२२ रायफलला मॅचची काडतुसं बाहेरूनच येतात, इंग्लंडची, जर्मनीची. तिकडं त्यांचा निर्यात परवाना, इकडं आपला आयात परवाना. एक कागद मागे राहिला की पूर्ण लॉट थांबतो. मग एका लॉटची गोळी तपासून, बॅरलला जुळवून घेतलेली असते ती संपते आणि स्पर्धेत दुसऱ्याच लॉटवर उतरावं लागतं. फेब्रुवारी २०२० मध्ये गृह मंत्रालयानं सरावाच्या .२२ काडतुसांची वर्षाची मर्यादा १००० वरून ५००० केली, ते फार बरं झालं. पण ५००० ची परवानगी हातात असून डबेच आले नाहीत तर काय करायचं? तेजस्विनी सावंतनं २०१० मध्ये म्युनिकला जागतिक सुवर्ण घेतलं, स्वप्निल कुसाळेला २०२४ मध्ये पॅरिसला ब्राँझ मिळालं. दोघंही याच .२२ वर, आणि आमच्याच भागातली. त्यांच्या मागं येणारी पोरं गोळ्या मोजून सराव करतात.

अमेरिकेचं तर विचारूच नका. २७ ऑक्टोबर २०२३ ला त्यांनी बऱ्याच देशांतल्या खासगी गिऱ्हाइकांसाठीचे शस्त्रांचे नवे निर्यात परवाने ९० दिवस थांबवले. पुढं ३० एप्रिल २०२४ ला नवा नियम छापला, त्यात परवान्याची मुदत चार वर्षांवरून एकावर आणली. तिथल्या एका छोट्या दुकानदाराकडं मी एक सुटा भाग मागितला होता. त्यानं एका ओळीत कळवलं, बाहेर पाठवणं बंद. सप्टेंबर २०२५ च्या शेवटी तो नियम मागं घेतला, पण ते दुकान आता परदेशी ऑर्डर घेतच नाही.

तिसरं_गेट
अमेरिकेचा इथं काय संबंध? त्यांचा माल जर्मनीला जातोय.

कोल्हापूर_५०मीटर
संबंध आहे. मोठी कंपनी वकील ठेवते, छोटा दुकानदार सरळ विकणं सोडून देतो. उद्यमबागवाल्यांनी ही ऑर्डर सोडू नये असं मला मनापासून वाटतं. चांगली बट-प्लेट बाहेरून मागवायची तर पोरांच्या बापाला किती खर्च येतो ते मला विचारा.

खानापूरकर
मला थोडं वेगळं विचारायचंय. आमच्याकडं भाताला रानडुकरांनी काही ठेवलं नाही. पीक संरक्षणाच्या बंदुकीचा परवाना बेळगावात डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसला मागायचा का खानापुरात तहसीलदाराकडं? फॉर्म कन्नडात आहे, मराठीत मिळंल काय? कोडगूत कोडव लोकांना परवान्याची सूट आहे म्हणतात, मग आम्हाला का नाही?

तिसरं_गेट
त्याला वेगळा धागा काढा की वो. इथं माणसाचा माल अडकलाय.

व्हीएमसी_उद्यमबाग
@जुना_सीएचए, एअर रायफलच. गिऱ्हाइकाचं नेमबाजीच्या सामानाचं दुकान आहे. ड्रॉईंग त्याचंच. ४.५ मिलिमीटर.

जुना_सीएचए
मग घाबरू नका. दोन दारं आहेत, ती एकमेकांत मिसळू नका. पहिलं शस्त्र कायदा, १९५९ चा. कलम २ मध्ये 'शस्त्र' या शब्दात शस्त्राचे भागही येतात, म्हणून बनवायला कलम ५ आणि बाहेर पाठवायला कलम १० बघावं लागतं. पण २०१६ च्या नियमांप्रमाणं ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंतच्या एअरगनला परवाना लागत नाही. स्पर्धेची एअर रायफल साडेसात ज्यूलच्या आसपास असते. दुसरं दार स्कोमेट, सहावा गट, त्यातली ६ए००१ ही नोंद. तो गट युद्धसामग्रीच्या यादीचा, त्याची परवानगी संरक्षण उत्पादन विभाग देतो. तुमचा माल त्या यादीत नसेल तर 'परवाना' मिळायचा प्रश्नच येत नाही. यादीत का नाही, हे कागदावर दाखवावं लागतं.

इनव्हॉइसवर 'रायफल पार्ट' एवढंच असेल तर अधिकारी थांबवणारच. दहा मीटर एअर रायफलची बट-प्लेट, कॅलिबर, ऊर्जा, सगळं लिहा. ड्रॉईंग, फोटो आणि गिऱ्हाइकाचं अंतिम वापराचं पत्र जोडा.

एकच शंका आहे. ५० मीटरवाले हीच प्लेट .२२ ला लावतात. तुमच्या ड्रॉईंगवर नक्की काय लिहिलंय? आठवणीवरून सांगू नका, समोर घेऊन वाचा.

व्हीएमसी_उद्यमबाग
आत्ता शॉपमध्ये जाऊन बघितलं. ड्रॉईंगच्या दोन शीट आहेत. पहिलीवर ८० नग, एअर. दुसरीवर ४० नग, दांड्याचं अंतर सहा मिलिमीटर जास्त, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात .२२ एलआर, म्हणजे काडतुसाची रायफल. मी दोन्ही एकच समजून एका ओळीत १२० लिहिले. चूक माझी आहे. आता काय करू?

जुना_सीएचए
ही शीट एजंटनं बघितली असणार, म्हणूनच तो अडून बसलाय. ४० नग बाजूला काढा. ६ए००१ च्या खाली टीप आहे: सेंटरफायर (बुडाच्या मधोमध ठिणगी पडणारी) नसलेली काडतुसं वापरणारी आणि पूर्ण स्वयंचलित नसलेली शस्त्रं त्यात येत नाहीत. .२२ रिमफायर आहे, ठिणगी कडेला पडते, म्हणून स्कोमेटच्या बाजूनं तुमचं म्हणणं टिकेल. पण .२२ हे शस्त्र कायद्यानं अग्निशस्त्रच, आणि बट-प्लेट त्याचा 'भाग' की नुसती जोडवस्तू, हे तुम्ही-मी ठरवून चालत नाही. डीसी ऑफिसला आणि विदेश व्यापार महासंचालनालयाला ड्रॉईंगसह लेखी विचारा. उत्तर येईपर्यंत ते ४० पाठवू नका, तसले आणखी बनवूही नका.

अनगोळ_फौंड्री
मी आधी जे लिहिलं ते मागं घेतो. मला वाटलं नुसता ब्रॅकेट आहे. .२२ चं मला माहीत नव्हतं.

कोल्हापूर_५०मीटर
गिऱ्हाइकाला आजच खरं कळवा. जर्मन दुकानदाराला कागदाचा उशीर समजतो, गप्प बसलेलं समजत नाही.

व्हीएमसी_उद्यमबाग
(तीन दिवसांनी) सगळ्यांचे आभार. शिपिंग बिल दुरुस्तीला दिलं, ४० नग परत मागवले. ८० चं नवीन इनव्हॉइस, फोटो, ऊर्जेचा आकडा आणि गिऱ्हाइकाचं पत्र एजंटला पाठवलं. आज सकाळी त्याचा फोन आला, एवढ्यावर पुढं जाईल म्हणतोय. गिऱ्हाइकानंही ४० साठी थांबायची तयारी दाखवली. दोन्ही अर्ज काल स्पीड पोस्टानं गेले. डीसी ऑफिसात पोच मागितली तर कन्नडात अर्ज आणा म्हणाले, तो शेजारच्या सीएकडं लिहून घेतला.

@खानापूरकर, तिथं उभा होतो तेव्हा तुमचंही विचारलं. अर्ज डीसी ऑफिसलाच करायचा, सोबत जमिनीचा उतारा लागतो. पुढं पोलीस चौकशी होते. मराठी फॉर्म खिडकीवर नव्हता. लागला तर माझ्याकडचा लिहून घेतलेला नमुना देतो, फोन नंबर खासगी संदेशात टाका.