पद्मिनीचं इंजिन: नुसत्या रिंगा की बोअर मारायचं?

मुलुंडची_पद्मिनी:
प्रीमियर पद्मिनी, पेट्रोल, १०८९ सीसी. सकाळी स्टार्ट केल्यावर निळा धूर. पूल उतरताना पाय काढून पुन्हा रेस दिली की परत धूर. गरम इंजिनवर चारही प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडून कॉम्प्रेशन घेतलं: १२५, १२०, ८५, १२० पीएसआय. तीन नंबरमध्ये चमचाभर ऑइल टाकल्यावर ८५चे ११० झाले. गॅरेजवाले म्हणतात, हाफ इंजिन करा, रिंगा (पिस्टनभोवतीची सीलिंगची कडी)-बेअरिंग बदला, बोअरला (सिलिंडरच्या आतल्या भिंतीला) हात लावू नका. हे बरोबर आहे का? लेथचं काम सोडून बाकी सगळं सोसायटीच्या पार्किंगमध्ये करायचं आहे. पंपावर आता ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं, त्याचंही सांगा.

बोअरगेज:
तुमच्याकडे दोन दुखणी आहेत, एक नाही. ऑइल टाकून कॉम्प्रेशन वाढलं म्हणजे तीन नंबरची गळती रिंगांमधून आहे, व्हॉल्व्हमधून नाही. पण पहिल्या स्टार्टचा आणि पाय काढल्यानंतरचा धूर हा व्हॉल्व्ह गाइड (ज्या नळीत व्हॉल्व्हचा दांडा सरकतो ती) झिजल्याचा. थ्रॉटल बंद असताना मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम गाइडमधून ऑइल ओढतो. नुसत्या रिंगा टाकल्या तर पैसे जातील आणि धूर राहील.

हेड काढलंत की काहीही विकत घेण्याआधी बोअर मोजा. बोअर गेज नसेल तर जुनी वरची रिंग सुटी करून सिलिंडरमध्ये घाला, पिस्टनने ढकलून सरळ बसवा आणि फिलर गेजने (पातळ मापाच्या पात्यांनी) रिंगच्या दोन टोकांमधला गॅप बघा. एकदा वरच्या कडेपासून १० मिमी खाली, एकदा तळाशी, जिथे रिंग कधी पोहोचतच नाही. दोन गॅपमधल्या फरकाला ३.१४ने भागलं की व्यासातली झीज मिळते. ती ०.१० मिमीच्या वर गेली तर बोअर मारा, म्हणजे सिलिंडर थोडा मोठा कापून त्या मापाचे पिस्टन बसवा. वरच्या कडेला नखाला अडणारी पायरी असेल तर ‘नुसत्या रिंगा’ विसराच. नव्या रिंगची धारदार कड त्या पायरीवर आपटते आणि रिंग तुटते, कधी पिस्टनची खाचही.

काळीपिवळी:
हेडबद्दल. पद्मिनीचं हेड ॲल्युमिनियमचं आहे. स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका, फेसवर (ब्लॉकवर बसणाऱ्या सपाट बाजूवर) कायमचा खड्डा पडतो. लाकडी हातोडीने कडेकडेने ठोका. काढल्यावर स्टीलपट्टी आडवी, उभी आणि दोन्ही तिरक्या रेषांत ठेवा. खालून फिलर गेजची ०.०५ मिमीची पात सरकली तर फेस करून (घासून सपाट करून) घ्या, पण कमीत कमी मटेरियल काढायला सांगा.

व्हॉल्व्ह लॅप करण्याआधी (पेस्ट लावून सीटवर घासून बसवण्याआधी) गाइड बदला. उलट क्रमाने केलंत तर नव्या गाइडमुळे व्हॉल्व्हची मध्यरेषा सरकते आणि केलेलं लॅपिंग फुकट जातं. सीटवर सलग राखाडी पट्टा दिसला पाहिजे, सव्वा ते दीड मिमी रुंद, कुठेही न तुटलेला. मग पोर्टमध्ये रॉकेल ओतून बघा, थेंबही झिरपता कामा नये. गाडी आधी सीएनजीवर चाललेली असेल, किंवा टॅपेटचा (व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलणाऱ्या भागातला) गॅप आपोआप कमी होत असेल, तर सीट खचतेय. तिथे कडक सीट इन्सर्ट बसवल्याशिवाय उपाय नाही.

मुलुंडची_पद्मिनी:
तीन नंबरला रिंग गॅप वर ०.९५, खाली ०.५५. पायरीही आहे.

बोअरगेज:
०.४० भागिले ३.१४, म्हणजे जवळपास ०.१३. बोअर मारा, आणि एकाच नाही तर चारही सिलिंडरना. मूळ माप ६८ मिमी.

आधी पिस्टन सेट हातात घ्या, मग ब्लॉक लेथवर न्या. लेथवाल्याला ‘पुढच्या साइजला मार’ असं सांगू नका. प्रत्येक पिस्टन स्कर्टवर, गजन पिनच्या (पिस्टन कनेक्टिंग रॉडला जोडणाऱ्या पिनच्या) काटकोनात मायक्रोमीटरने मोजून, सेटसोबत दिलेला क्लिअरन्स धरून तो बोअर मारायला सांगा, आणि पिस्टनवर नंबर घाला. शेवटचे ०.०४ ते ०.०५ मिमी होनिंगसाठी (दगडाने शेवटचं घासकाम) राहिले पाहिजेत. होनिंगच्या रेषा साधारण ४५ अंशांत एकमेकींना छेदतात, त्यांच्यातच ऑइल टिकतं.

यानंतरच्या धुण्यात बहुतेक लोक चुकतात. ब्लॉक पेट्रोलने किंवा डिझेलने धुतला तर होनिंगची पूड रेषांमध्ये तशीच राहते आणि नव्या रिंगा खाते. गरम पाणी, कपड्याची पावडर आणि ब्रश घ्या. पांढऱ्या कापडाला ऑइल लावून आतून पुसा, कापडावर करडा डाग यायचा थांबेपर्यंत पुन्हा पुन्हा धुवा. आणि लगेच ऑइल लावा. आपल्याकडच्या पावसाळी हवेत नुकत्याच होन केलेल्या बोअरवर बघता बघता तांबूस छटा येते.

प्रत्येक रिंग ज्या सिलिंडरची आहे त्यातच तपासा. ६८ मिमीला वरच्या रिंगचा गॅप ०.२५ ते ०.३५च्या आसपास. क्रँक घासायची वेळ आली तर जर्नलच्या (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या गोल भागाच्या) कोपऱ्यातली गोलाई तशीच ठेवायला बजावा. कोपरा काटकोनी झाला की क्रँक तिथूनच तुटतो.

इंजिन उचलायला चेन पुली भाड्याने आणाल ती सोसायटीच्या पाण्याच्या पाइपला लटकवू नका, एवढं सांगून ठेवतो.

दादर_टीटी:
ट्यूनिंगमध्ये क्रम महत्त्वाचा: टॅपेट, पॉइंट (डिस्ट्रिब्यूटरमधला उघडझाप करणारा स्विच), टायमिंग (स्पार्क पडण्याची वेळ), कार्ब्युरेटर. उलटं केलंत तर फिरत राहाल, कारण पॉइंटचा गॅप हलला की टायमिंगही हलतं. फायरिंग ऑर्डर १-३-४-२. चार नंबरचे व्हॉल्व्ह एकाच वेळी हलत असतील (एक मिटतोय, दुसरा उघडतोय) तेव्हा एकचे टॅपेट लावा. मग दोनचे हलताना तीनचे, एकचे हलताना चारचे, तीनचे हलताना दोनचे. पॉइंट ०.४ ते ०.५ मिमी. टायमिंगसाठी कॉइलच्या डिस्ट्रिब्यूटरकडच्या टोकाला १२ व्होल्टचा बल्ब लावून दुसरी वायर अर्थ करा. इग्निशन चालू ठेवून इंजिन हाताने फिरवा, बल्ब पेटतो तो पॉइंट उघडण्याचा क्षण.

ई२०. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, म्हणून जुन्या जेटवर (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोलचं मापाचं भोक) मिक्श्चर पातळ होतं. रेस देताना गाडी अडखळते, कार्ब्युरेटरमधून खोकते. मेन जेट १२०चा असेल तर १२५ लावून बघा. आकडा पाचानेच वाढतो, पण भोकाचं क्षेत्रफळ साडेआठ टक्क्यांनी. त्याआधी थ्रॉटल स्पिंडल हलवून बघा. तो ढिला असेल तर बाजूने हवा ओढतो आणि कुठलाही जेट लावला तरी आयडल बसत नाही. पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम, ॲक्सिलरेटर पंपाचा डायफ्रॅम आणि सगळे रबरी पाइप इथेनॉलला टिकणारे घ्या. सुरुवातीला टाकीतला जुना गाळ सुटून येतो, एक जादा फिल्टर जवळ ठेवा. पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर टाकी भरलेली ठेवा. रिकाम्या जागेतल्या दमट हवेतून इथेनॉल पाणी ओढतं.

काळीपिवळी:
पहिला स्टार्ट: प्लग काढून, इग्निशन बंद ठेवून, ऑइलचा दिवा विझेपर्यंत सेल्फ मारा. मग प्लग लावून चालू करा आणि आयडलवर सोडू नका. २० मिनिटं दीड ते दोन हजार आरपीएम, नाहीतर कॅम आणि टॅपेट खरवडतात. २०डब्ल्यू-५० मिनरल ऑइल, ते ५०० किमीला बदला. रनिंग-इन (नवं इंजिन रुळवणं) एलबीएस रोडच्या ट्रॅफिकमध्ये नको. रिंगांना लोड लागतो, नाहीतर बोअर चकचकीत होऊन ऑइल खात राहतं. पहाटे ईस्टर्न फ्रीवेवर टॉप गिअरमध्ये ४० ते ६० चढवा, पाय काढा, पुन्हा चढवा. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर हेड पुन्हा टॉर्क करा, मधून कडेकडे.

मुलुंडची_पद्मिनी:
पिस्टन सेट कुठे मिळेल? एक जण कुर्ल्यातून अख्खा ब्लॉक आणून देतो म्हणतोय.

बोअरगेज:
सेटसाठी आधी ऑपेरा हाउसच्या पार्ट्सवाल्यांकडे विचारा, दुकानातच चारही पिस्टन मोजून घ्या. ब्लॉक बदलला तर इंजिन नंबर बदलतो आणि आरटीओत आरसी बुकावर नोंद करावी लागते. त्या ब्लॉकचे कागद नसतील तर हात लावू नका. ०.१३ झीज आहे, तुमचाच ब्लॉक चांगला आहे.